पिकलं तर येईन

गौरी-गणपती पाण्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी विनोद भुवड बॅग भरून ओटीवर बसला होता. खेडहून त्याला मुंबईची गाडी धरायची होती. शेजारची गोदा नारळ द्यायला आली होती. विनोदचे वडील रावजी कोपऱ्यात सुपारी कातरत होते. मालन चहा घेऊन बाहेर आली, कप नवऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "कायमचे कवा येणार?"

असं ती कधी विचारत नसे. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती आणि ती सगळी विनोदने भांडुपच्या एका कंपनीत, माल भरायच्या खात्यात काढली होती. गणपतीला यायचं, शिमग्याला यायचं, जमलं तर मे महिन्यात चार दिवस. वाडीतल्या निम्म्या घरांचं असंच होतं, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. पण त्या वर्षी वैशाखात ऋतिका, त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन पनवेलला गेली. सासूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घरात मालन आणि म्हातारा सासरा एवढेच. दिवसभरात चार वाक्यं व्हायची, तीही चहाबद्दल नाहीतर गुरांबद्दल.

विनोद हसला. गोदा समोर होती म्हणूनही असेल. "शेतीत काय ठेवलंय गो? आपलं भात दिवाळीला घरात येतं आणि शिमग्यापर्यंत संपतं. पुढं दुकानातला तांदूळ. या खाचरांतनं वर्षाचं खाऊन वर विकायला उरलं ना, तर त्या दिवशी राजीनामा देतो."

"खरं?"

"खरं म्हंजे काय? पिकलं तर येईन. आबांच्या समोर सांगतोय."

रावजींनी मान वर केली, मुलाकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

मालन हसली. गोदा नंतर सगळ्यांना सांगत होती की मालनला असं हसताना तिने ऋतिकाच्या बारशानंतर पहिल्यांदाच बघितलं.

पुढच्या मे महिन्यात दापोलीच्या शेतकी विद्यापीठातून एक मुलगी आली. दिशा तिचं नाव. भातावरच्या खोडकिड्याचा अभ्यास करत होती. शाळेच्या व्हरांड्यात तिने सभा घेतली. सभा कसली, सात-आठ म्हातारे आणि भिंतीला टेकलेल्या बायका. तिला वाडीत एक शेत हवं होतं. अर्धं नेहमीसारखं लावायचं आणि अर्धं ती सांगेल तसं, दोरी ताणून ओळीत. बियाणं, खत ती देणार. मेहनत आणि जमीन शेतकऱ्याची.

म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, "आमची सगळी पोरं मुंबयला मॅडम, दोऱ्या लावून भात लावायला माणसं कुठली आणू?"

"आमचं घ्या," मागून मालन म्हणाली.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. रावजी तसे शांत माणूस. सुनेला कधी वर आवाजात बोललेले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी ताट पुढे सारलं. "मला न विचारता नाव दिलंस? राब न भाजता तरव्यात रोपं करणार? माझ्या बापाने, आज्याने राब भाजला, ते काय खुळे होते?"

"त्या म्हणतात, पालापाचोळा जाळून जमिनीतलं चांगलं पण जळतं. त्याच्याऐवजी मातीतच गाडायचा. आबा, अर्धंच तर हाय."

"नको म्हणतो ना मी! हाय ते बरं चाललंय. दोन माणसांना किती लागतं?"

"दोन माणसांचं कोण बोलतंय," मालन हळूच म्हणाली.

रावजी उठून बाहेर गेले. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. मालनला वाटलं, जुनं माणूस आहे, हातची रीत सुटत नाही. होईल सवय.

दिशाने आधी माती घेतली. खाचरात ठिकठिकाणी खुरप्याने खड्डे करून कडेची माती खरवडली, घमेल्यात कालवली, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेल्याचे पुन्हा चार. मालन उकिडवी बसून बघत होती. काही दिवसांनी निकाल आला. माती आंबट होती, स्फुरद कमी होतं, पावसाच्या पाण्याबरोबर कस वाहून जात होता. "तुमची जमीन वाईट नाही, मावशी," दिशा म्हणाली. "उपाशी आहे. आणि तुम्ही टाकता तो युरिया पहिल्या पावसात ओढ्याला जातो. तिच्या पोटात जातच नाही."

मग एकेक गोष्ट सुरू झाली. मिठाच्या पाण्यात बियाणं ओतलं तेव्हा वर तरंगलेलं पोचट भात बघून मालनला धक्का बसला; इतकी वर्षं ती हे पेरत आली होती. गादीवाफे केले, त्यात भाताच्या तुसाची राख मिसळली. राखेने खोड टणक होतं, अळीला पोखरायला जड जातं, असं दिशाने सांगितलं. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला. लावणीच्या दिवशी खुणा केलेली दोरी ताणून जोड ओळीत रोपं लावली, तेव्हा वाडीतल्या बायका बांधावर उभ्या राहून हसल्या. "मालन भात लावते का मोत्यांची माळ ओवते गो?"

"ओवते," मालन म्हणाली. तिला राग आला नाही. कमरेत कळा येत होत्या, पावसाने इरलं जड झालं होतं, तरी ती दर चार रोपांच्या मधोमध खताची गोळी अंगठ्याने खोल दाबत ओळीच्या टोकापर्यंत गेली.

लावणीआधी दिशाने तरव्यातल्या रोपांचे शेंडे खुडायला लावले होते. एक शेंडा उलटा करून पिवळट लोकरीसारखा पुंजका दाखवला. "ही खोडकिड्याची अंडी. मादी शेंड्यालाच घालते. इथेच खुडून टाकली की निम्मं काम झालं."

ऑगस्टमध्ये काही रोपांचा मधला कोंब वाळला. बाजूची पानं हिरवीगार, पण कोंब चिमटीत धरून ओढला की सहज हातात यायचा, बुडाशी कुरतडलेला. रावजी नेहमीप्रमाणे औषध आणायला खेडला निघाले. दुकानदार देईल ते फवारायचं, अशी त्यांची रीत. मालनने दिशाला फोन लावला.

"आधी मोजा," दिशा म्हणाली. "शेताच्या पाच ठिकाणी बघा. शंभर फुटव्यांत पाचापेक्षा जास्त वाळले असतील तरच फवारायचं. नाहीतर अळीबरोबर कोळी मरतात, चतुर मरतात. ते तुमचंच काम करत असतात."

मालनने मोजलं. नव्या पद्धतीच्या अर्ध्या भागात शंभरात दोन-तीन. फवारायची गरज नव्हती. तिने कामगंध सापळे लावले. त्यात खोडकिड्याचे नर पतंग अडकायचे आणि ती रोज सकाळी जाऊन बघायची. पाखरांना बसायला बांबूच्या काठ्या रोवल्या. कोतवाल येऊन बसायचे आणि किडे टिपायला भातावर झेप घ्यायचे. हे सगळं तिला आवडायला लागलं होतं. इतकी वर्षं भात म्हणजे पाऊस, चिखल आणि नशीब होतं. आता तिला कळत होतं की कुठल्या गोष्टीने काय होतं.

त्या वर्षी कापणी झाली तेव्हा फरक उघड्या डोळ्यांना दिसला. जुन्या अर्ध्या भागात पांढऱ्या, पोकळ लोंब्या ताठ उभ्या होत्या. दाणाच नाही, तर वाकणार कशा? नव्या भागात लोंब्या खाली झुकल्या होत्या. मालनने विनोदला फोन केला.

"दीडपट झालं! निम्म्यातच. पुढल्या वर्षी सगळं असं लावते."

"व्वा," विनोद म्हणाला. मागे गाड्यांचा आवाज होता. "मजा आहे तुझी."

"मजा कसली? तुमच्या ध्यानात हाय ना?"

"काय?"

"मागल्या वर्षी गणपतीत बोललात ते."

"हां हां," तो म्हणाला. "बघू, बघू. आधी पिकू तर दे."

मालनच्या कानात फक्त शेवटचं वाक्य राहिलं.

दुसऱ्या वर्षी तिने तिन्ही खाचरं नव्या पद्धतीने लावली. मजुरीला बायका मिळेनात, म्हणून तिने गोदाशी पैरा केला. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. कापणीनंतर उरलेली धसकटं तिने उन्हाळ्याआधीच नांगरून घेतली होती, कारण अळ्या त्यात झोपून राहतात. खेकड्यांनी पोखरलेले बांध स्वतः लिंपले. रावजी बांधावर बसून बघत राहायचे. आता ते भांडत नव्हते. उलट एकदा न सांगता त्यांनी सापळ्याची वाकलेली काठी सरळ केली.

गणपतीला विनोद आला तेव्हा खाचरं गुडघाभर हिरवी होती. मालन त्याला बांधाबांधाने घेऊन हिंडली. गोळी कुठे दाबायची, पतंग कसा ओळखायचा, सगळं सांगत होती. बोलता बोलता तिने त्याचा हात धरला. विनोदने आजूबाजूला बघितलं आणि हात तसाच राहू दिला.

"यंदा होणार," ती म्हणाली.

"चांगलं दिसतंय," तो म्हणाला. परतताना तो गप्प होता. दमला असेल, असं तिला वाटलं.

तो गेल्यावर तिने मधल्या खोलीला चुना काढला. लोखंडी कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला. ऋतिकाला फोनवर सांगितलं, "बाबा येणार हायत गो. कायमचे." ऋतिका म्हणाली, "त्यांनी तसं सांगितलंय का आई?" मालन म्हणाली, "आबांच्या समोर." दिवसा कामात आणि संध्याकाळी त्या खोलीच्या दारात उभं राहून ती मनाशी बेत करायची. तो आला की वरच्या पडीक जागेत वरी लावायची, म्हैस घ्यायची, दोघांनी मिळून खेडच्या बाजारात तांदूळ विकायला बसायचं. त्याला उशिरा उठायची सवय असेल. उठू दे. इतकी वर्षं पाळ्या केल्यात त्याने.

ऑक्टोबरात दिशाने कापणी प्रयोगाचा दिवस ठरवला. आजूबाजूच्या वाड्यांतले शेतकरी बघायला येणार होते. मालनने विनोदला कळवलं आणि तो रजा काढून आला. खास एका दिवसासाठी आला. मालनला दुसरा काही विचार करायची गरजच वाटली नाही.

सकाळी बॅग ठेवायला तो मधल्या खोलीत गेला आणि पांढऱ्या भिंती बघून थांबला. "ही खोली कशाला रंगवलीस?"

"असंच," ती लाजून म्हणाली. "संध्याकाळी सांगते."

प्रयोग झाला. दिशाने खाचरात चौकोन आखला, त्यातलं भात कापलं, झोडलं, वजन केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. तालुक्यात तिने घेतलेल्या प्रयोगांमध्ये हे सगळ्यात जास्त होतं. धोंडू नावाचा एक म्हातारा लोंबी हातात घेऊन दाणे दाबून बघत म्हणाला, "रावजी, तुझं भाताचं घर झालं रे!" विनोद पुढे होऊन फोटो काढत होता. "आमचंच शेत," तो एकाला सांगत होता. "मिसेस बघते सगळं."

दुपारपर्यंत सगळे गेले. दोन खाचरांतलं भात कापून आडवं पडलं होतं, वाळत. उन्हं कलली तेव्हा मालन आणि विनोद खळ्याच्या कडेला बसले होते. जमीन शेणाने नुकतीच सारवलेली होती.

"वर्षाचं होऊन पोती उरतील," मालन म्हणाली. "मॅडमनी हिशेब केला."

"हं."

"मग? राजीनामा कवा देताय?"

विनोदने एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करायला लागला. मग म्हणाला, "मालन, ते मी असंच बोललो होतो."

"असंच म्हंजे?"

"गोदा होती, आबा होते. तू एकदम विचारलंस. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो."

"आबांच्या समोर बोललात."

"पिकणार नाय असं वाटलं होतं गो," विनोद म्हणाला. "म्हणून बोललो."

मालन त्याच्याकडे बघत राहिली. वाक्य तिला समजलं होतं, पण ते आत पोचायला वेळ लागत होता. शेवटी तिने विचारलं, "दुसरी कोण हाय का तिकडं?"

"नाय! तुझी शपथ, कोण नाय. असती तर सांगायला सोपं गेलं असतं."

"मग काय हाय?"

"काय नाय. तेच तर." त्याने काडी टाकून दिली. "मी तिकडचा झालोय. पाळीवरनं सुटलो की मंडळात बसतो. शनिवारी भजन. रूमवर आम्ही चौघं, एकाला ताप आला तर दुसरा पेज करतो. हितं आलो की दोन दिवस बरं वाटतं. चौथ्या दिवशी काय करावं कळत नाय. शेतातलं मला काय येत नाय, तू बघितलंस. आबांशी बोलायला विषय नसतो. आणि तुझ्याशी..."

तो थांबला.

"माझ्याशी काय?"

"तुझ्याशी पण," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा तो सौम्य बोलत होता. "तुझ्यात काय कमी नाय. तू लय केलंस. पण आपण दोघं एका घरात राहिलोच नाय गो कधी. आता कसं राहायचं ते मला येत नाय."

मालन थांबली. तिला वाटलं, आता तो म्हणेल, मग तूच चल तिकडे. आबांना घेऊन चल. एक खोली बघू. ती गेली नसती कदाचित. गुरं होती, आबा आयुष्यात कधी चिपळूणच्या पुढे गेले नव्हते. पण तो म्हणेल म्हणून ती थांबली. ओढ्याकडून गुरं परतली, गोदाच्या घरातून धूर निघाला, आणि विनोद ते म्हणाला नाही.

"कंपनी सोडली की बघू," तो उठता उठता म्हणाला. "तेव्हा येईनच ना."

तो आवाज तिने ओळखला. त्या गणपतीत ओटीवरून वचन देताना त्याचा अगदी हाच आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने तो गेला. जाताना आबांच्या पाया पडला. मालन चुलीपाशी होती. तो दारात येऊन "येतो" म्हणाला आणि तिने मान हलवली.

तो गेल्यावर ती पुन्हा आडवी झाली ती उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भारे बांधून खळ्यावर आणायचे होते, पण त्याचं तिला काही वाटेना. दुपारी ढग भरून आले. मोसम संपला तरी कोकणात ऑक्टोबरचा पाऊस कधीही येतो आणि कापून पडलेलं भात भिजलं तर दाण्याला जागच्या जागी मोड फुटतात. हे तिला कळत होतं. तरी ती पडून राहिली. मग तिला जाणवलं की घरात अगदी शांत आहे. आबांचा खोकला ऐकू येत नाही.

ती बाहेर आली तर रावजी खाचरात होते. वाकून एकटेच कापलेल्या भाताच्या कवळ्या गोळा करत होते. एक भारा त्यांनी कसाबसा बांधला होता आणि तो डोक्यावर घ्यायचा प्रयत्न करत होते. भारा कलंडला, ते गुडघ्यावर बसले. मालन धावली.

"आबा, कशाला आलाव? कंबर मोडून घ्याल!"

"पाऊस येईल गो," रावजी धापा टाकत म्हणाले. "इतकं केलंस तू. भिजवू कसं?"

ती त्यांच्या शेजारी धसकटांवर बसली. रावजी बोलले ते तिच्याकडे न बघता, समोर बघतच.

"मला ठाऊक होतं. तो येणार नाय ते. त्या दिवशी ओटीवर तो बोलला ना, तवाच कळलं. माझा मुलगा हाय, खोटं बोलताना त्याची मान कशी होते मला म्हाईत नाय?"

"मग मला सांगितलं का नाय?"

"कसं सांगू? तू हसलीस." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "म्हणून त्या मॅडमला नको म्हटलं. राब-बिब काय नव्हतं माझ्या मनात. मला वाटलं, नाय पिकलं तर बरं. नाय पिकलं तर पोरगी वाट बघत राहील, आज नाय उद्या येईल म्हणून. पिकलं तर तिला कळंल."

मालनने तोंडात पदर कोंबला. ऋतिका सासरी गेली तेव्हा ती रडली होती, सासू गेली तेव्हा रडली होती. पण हे तसलं रडणं नव्हतं. आवाजच फुटेना. अंग नुसतं हलत होतं. रावजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन आली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. हाताला मातीचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास होता.

"दुसऱ्या वर्षाला मलाच वाटायला लागलं होतं," ते म्हणाले. "असं भात बघितल्यावर माणूस कसा जाईल? मला पण आशा लागली गो."

गोदाला हाक मारली, तिची नणंद आली, आणि चौघांनी मिळून अंधार पडायच्या आत बरेचसे भारे खळ्यावर आणून त्यांची उडवी रचली. वरच्या खाचराच्या टोकाचं भात राहिलं ते भिजलं. त्याला मोड आले आणि ते गुरांना घातलं.

झोडणी संपल्यावर दिशा वाळलेल्या भाताचं वजन करायला आली. आनंदात होती. दापोलीला शेतकऱ्यांचा मेळावा होता, तिथे मालनने बोलावं असं तिला वाटत होतं. "आणि काकांना पण बोलवा. जोडीने सत्कार करू. आता ते इकडे येणार आहेत ना? तुम्ही म्हणाला होतात."

"नाय येणार ते," मालन म्हणाली.

"मेळाव्याला?"

"नाय."

दिशाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वजनकाटा खाली ठेवला. तिने आणखी काही विचारलं नाही. मालनने तिला जेवायला थांबवलं. नवा भात शिजवला. झाकण काढल्यावर वाफेबरोबर जो गोड वास आला तो घरभर पसरला. मालन तशीच झाकण हातात धरून उभी राहिली. दिशा उठली, तिने झाकण तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच वाढायला घेतलं. आबांना, मालनला, मग स्वतःला. तिघं जेवली. जेवताना दिशा पुढच्या हंगामाबद्दल बोलत राहिली. तुडतुड्यांबद्दल, वरच्या खाचरातल्या मातीत यंदा काय कमी पडलं त्याबद्दल. मालन ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "पाला वाढवला तर पुरंल?" विचारलं आणि तिलाच नवल वाटलं.

मेळाव्याला ती गेली. दोन मिनिटं बोलली. गोळी किती खोल दाबायची, फवारायच्या आधी का मोजायचं, एवढंच. खाली बसलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, "ताई, तुम्हाला यातनं काय मिळालं?" मालनने थोडा विचार केला. "भात मिळालं," ती म्हणाली. टाळ्या वाजल्या.

पौषात विनोदचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "एक पोतं तांदूळ धाडशील? आपल्या इथनं रात्रीची खाजगी गाडी येते ना, त्यात टाक. रूमवाले मागे लागलेत, फोटो बघितल्यापासून."

रावजींना कळलं तेव्हा ते चिडले. "एक दाणा धाडू नको. खायचा असेल तर हितं ये म्हणावं."

"आबा, तुमच्याच मुलाला ना?"

"व्हय, माझाच. म्हणून सांगतो."

मालनने भात गिरणीवरून काढून आणलं. सूप घेऊन ओटीवर बसली आणि कण्या, खडे, काळे दाणे वेचत तांदूळ पाखडला. जितका घरात खायला पाखडते, त्यापेक्षा बारकाईने पाखडला. का, ते तिला सांगता आलं नसतं. पोतं शिवलं, वर त्याचं नाव आणि फोन नंबर लिहिला. गोदाने एक टोक धरलं, तिने एक, आणि दोघींनी ते फाट्यावर नेऊन गाडीत चढवलं.

दोन दिवसांनी फोन वाजला. विनोद खुशीत होता. मागे हसणं, भांड्यांचा आवाज, कोणीतरी मोठ्याने गात होतं.

"मालन, काय तांदूळ गो! सगळ्यांनी आज दोन-दोन वेळा घेतला. सगळे विचारतात, कुठला? मी सांगितलं, आमच्या गावचा, आमच्या घरचा."

"बरं झालं," मालन म्हणाली.

"पुढल्या वर्षी पण असाच होईल ना?"

"होईल."

"मग झालं तर. आबा बरे आहेत?"

"बरे हायत."

त्याला कोणीतरी हाक मारली. "चल, ठेवतो," तो म्हणाला. फोन बंद झाला. रावजी पाटावर बसून तिची वाट बघत होते. मालनने चुलीवरचं भांडं खाली घेतलं आणि त्यांना भात वाढला.